भिंतीवरचं चौथं वेळापत्रक

काठोकाठ भरलेली पाण्याची बाटली. झाकण घट्ट.

बस डेपोतलं ड्रायव्हरांचं जुनं भांडण: "मॅडम, शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला वेळ दिलात. माणसाला द्यायला विसरलात."

हिरवा रंग गणिताचा, पिवळा वाचनाचा, निळा चित्रांचा. लाल उरला.

डॉक्टरीणबाईंचं बोट, टेबलावर टकटक: "आता पुन्हा होता कामा नये."

स्वतःच्याच घरात हात वर करून बसलेली एक मुलगी.

हे शेवटचं आईने सोमवारी सकाळी पाहिलं.

आई डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायची. कुठली गाडी कधी सुटणार, कुठे किती थांबणार, सगळं तिच्या हातात. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. बायको सांगेल तसं चालण्याचा पगार घेणारा मी एकटाच, असं तो चारचौघांत सांगे. त्यांची लेक भिंगरी. नावाप्रमाणे गरगर फिरणारी, पण शाळेत दिवसभर पाण्याचा घोट घ्यायची नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर सगळ्या वर्गादेखत विचारावं लागतं. मग जळजळ, ताप, औषधं. बरी होते न होते तोच पुन्हा तेच. पुन्हा झालं तर किडनीवर जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं, तेव्हा शाळेतून नाव काढलं. आईने दुपारची पाळी मागून घेतली, बाबाने सकाळची.

"घरी शिकवणार म्हणजे नेमकं करणार काय?" आत्याने फोनवर विचारलं. आत्या स्वतः शिक्षिका.

"वेळापत्रक लावणार," आई म्हणाली. निदान हे तरी आपल्याला येतं, म्हणून तिला जरा धीर आला.

पहिलं वेळापत्रक अंथरुणातच लोळत राहिलं. दुसरं बाबाच्या जादा ड्युटीने मोडलं. तिसऱ्यात इतकी सूट होती, की भिंगरीने भागाकाराला वळसा घालून थेट चित्रकला गाठली. आईची झोप उडाली. पोर मागे पडली तर? आत्या तर वाटच बघत असेल. म्हणून चौथं तिने डेपोसारखं केलं. एकाला लागून एक, मधे फट म्हणून नाही. टायमर वाजला की रंग बदलायचा.

आणि गंमत बघा, ते चाललं! पोरगी सुतासारखी सरळ. भागाकार धडाधड.

"बघितलंस?" आई नवऱ्याला म्हणाली.

"बघतोय. गाडी वेळेवर आहे. प्रवासी एवढा गप्प का?"

"तुला मेलं कशातच चांगलं दिसत नाही."

आणि मग सोमवारी तो हात वर झाला. खोलीत दोघीच.

"काय गं?"

"जाऊ का?"

"कुठे?"

भिंगरीची नजर टायमरवर. आईने टेबलावरची बाटली उचलली. जड लागली.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"हिरवं संपल्यावर पाणी, असं तूच लिहिलंयस ना. पण तेव्हा प्यायलं की शू पिवळ्यात येते. पिवळ्यात जागा नाही."

"अगं, घर आहे आपलं! विचारायचं काय त्यात?"

"असू दे गं," भिंगरी आईचीच समजूत घालत म्हणाली. "टायमर होईपर्यंत मी धरून ठेवते. मला येतं ते."

दुपारी बाबा आला, तेव्हा बायको भिंतीसमोर लाल पेन घेऊन उभी होती. रंगांच्या मधे मधे छोटे चौकोन काढत.

"हे काय?"

"शूचे."

"आता त्याचीही वेळ लावणार तू?" तो हसला नाही. "आम्ही ड्युटीवर पाणी पीत नाही, माहितेय ना तुला? तू नंतर शेवटच्या थांब्यावर वेळ काढून दिलास. तरी नाही पीत. घशालाच सवय झालीय."

"मग करू काय? काढून टाकू सगळं? ती काहीच शिकली नाही तर? आणि ताप आला तर?"

"मला काय विचारतेस? वेळापत्रकवाली तू."

पेनाचं टोपण तिला लवकर सापडेना. शेवटी कागद खाली आला, टायमर कपाटात गेला. ठरलं एवढंच: सकाळी एक काम, ते झालं की दुसरं, बाबा आला की जेवण.

दुसऱ्या दिवशी आई लेकीसमोर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. भागाकार अर्ध्यात अडला होता. 'पाणी पी' हे शब्द ओठांवर आले, तिने ते गिळले. म्हटलं, की तेही वेळापत्रकच. भिंगरीने एक आकडा खोडला. दुसरा लिहिला. बाटली उघडली, दोन घोट घेतले, आणखी दोन. आईने श्वाससुद्धा जपून घेतला.

मग पाय हलू लागले. एकावर एक, घट्ट. हात वर जायला निघाला आणि कानापाशीच थांबला. आईने मान वळवली आणि खिडकीबाहेर समोरच्या घराचं गटार मोठ्या कौतुकाने बघत बसली.

खुर्ची सरकली. पावलं. दाराची कडी. मग पाण्याचा लोट.

आज झालं. उद्याचं काय, ते तिला सांगता आलं नसतं. भिंगरी ओले हात फ्रॉकला पुसत आली आणि म्हणाली, "बाकी किती उरते, सांगू नकोस हं."

शाळेतल्या बाईंनीसुद्धा भिंगरीच्या 'जाऊ का?'ला एकदाही नाही म्हटलं नव्हतं. फक्त विचारावं लागायचं.