हात काढा

"ओढ," पदूकाका म्हणाला. मला नाही, माझ्या बायकोला.

कुंभिवलीच्या त्याच्या गॅरेजात फरशीवर दोन विंच मांडून ठेवल्या होत्या. विंच म्हणजे जीपच्या पुढच्या बंपरवर बसवायचा मोटारीचा रहाटच म्हणा. गाडी रुतली की दोरी समोरच्या झाडाला बांधायची, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःच स्वतःला ओढून बाहेर येते. त्यातली मोठी, बारा हजार पौंड वजन ओढणारी, जाड पोलादी तारेची, मी पसंत केलेली. तीन आठवडे फोनवर व्हिडिओ बघून माझा अभ्यास झाला होता. निदान माझा तसा समज होता.

जागृतीने तारेचा आकडा धरला आणि ती गेटाकडे चालू लागली. निम्म्या वाटेत तिचा खांदा वाकडा झाला. गेटाला पोचली तेव्हा तळहातात तारेचा एक बारीक तुटका धागा घुसला होता आणि रक्त येत होतं.

"आता ही," पदूकाकाने धाकटी दाखवली. तिची दोरी धाग्याची, निळी. जागृती ती घेऊन गेटापर्यंत गेली, परत आली, आणि पदर झटकावा तशी दोरी तिने खाली टाकली.

"कळलं?" त्याने मला विचारलं.

"काका, पण बारा हजारवालीचा जोर…"

"जोर कोनाला दाखवायचाय? मुंबईच्या पोरांना? ती येतात शनिवारी, ह्या मोठीसंगती फोटो काढतात आन् जातात. चिखल लागला तर पुसून मागतात माझ्याकडं." मग जागृतीकडे वळून म्हणाला, "गाडी ही चालवनार. रुतनार ही. मग विंच तू का निवडतोस रं?"

जागृती हसली. बायको दुसऱ्याच्या विनोदावर हसते तेव्हा नवऱ्याने गप्प बसावं, एवढी अक्कल मला भिसेगावात राहून आलेली आहे.

जागृती नर्स आहे. पोशीरच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी तिच्याकडे आहे. वाडीच्या अलीकडे एक ओहळ आडवा येतो, त्याच्यापुढे रस्ता असा नाहीच. पावसात कुठलीच ॲम्ब्युलन्स त्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून आम्ही जुनी फोर बाय फोर जीप घेतली आणि ती चालवायला शिकली. गेल्या आषाढात वाडीतल्या, बाळंतपणात अडलेल्या वनिताला ती दवाखान्यात घेऊन निघाली आणि ओहळाच्या चढावर गाडी बसली. "हात लावा रं!" अशी हाक गेली. आख्खी वाडी धावत आली. म्हातारी आनंदीबाई कंबरभर चिखलात उभी राहून गाडी ढकलत होती. दोन तासांनी गाडी निघाली. वनिता वाचली, बाळ नाही वाचलं. जागृतीने घरी येऊन मला एवढंच सांगितलं. यंदा गाडी पुन्हा तिथे बसली तर ती एकटीने बाहेर निघाली पाहिजे, हाच आमचा प्रश्न होता. मी त्याचं उत्तर पौंडांत शोधत होतो.

"जागा दाखव," पदूकाका म्हणाला. "जागा बघितल्याबिगर मी बोल्ट लावत नाय."

असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दुकानदार माल दाखवतो. हा म्हणे तुमचा चिखल दाखवा! त्याच दिवशी दुपारी आम्ही तिघे ओहळावर गेलो. पदूकाकाचं वय साठीचं. चपला काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो चिखलात शिरला आणि लावणीच्या वेळी शेतकरी शेतात चालतो तसा, टाच आधी टेकवत, सगळा चढ चालून आला. कुठे घोट्यापर्यंत, कुठे पोटरीपर्यंत. एका जागी तो गुडघ्यापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला.

"हितं बसली होती गाडी."

जागृतीने मान हलवली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"आता झाड कुठं हाय?"

मी लगेच कडेचा पांगारा दाखवला. चांगला उंच होता.

"त्याला शेळी बांध," पदूकाका म्हणाला. "लाकूड मऊ, मुळ्या वरच्यावर. गाडी ऱ्हाईल तिथंच, झाड येईल तुझ्याकडं."

वर, चढाच्या डोक्यावर एक ऐनाचं झाड होतं. त्याने त्याला दोन्ही हातांनी मिठी घातली, पायाने बुंधा चाचपला आणि खाली येताना पावलं मोजली. पस्तीस फूट. मग तो जो खुलला! धाकट्या विंचेची दोरी नव्वद फूट. ती ऐनाला लावलेल्या कप्पीतून फिरवून परत जीपच्या हुकाला आणायची. म्हणजे ओढ दुप्पट होते. शिवाय ड्रमवरची दोरी जवळजवळ सगळी सुटते, आणि ड्रमवर वेढे जितके कमी तितका मोटारीचा जोर जास्त. माझ्या बारा हजारवालीचं वजन जीपच्या नाकावर बसलं असतं आणि याच चिखलात तिचं पुढचं तोंड आणखी खाली गेलं असतं. हे कुठल्याच व्हिडिओत मला दिसलं नव्हतं. खरं तर असेल, पण मी पौंडांचा आकडा बघत होतो.

"बटन दाबायचं शेवटाला," तो जागृतीला म्हणाला. "रेडा रुतल्यावर काय करतात म्हायती हाय ना?"

"पायाजवळचा चिखल फोडतात."

"आं! नुस्तं ओढलं तर चिखल आनखी धरतो. पहार घ्यायची, चाकाच्या बाजूनं घालायची, हलवायची. आतमंदी हवा गेली पायजे. फसकन आवाज आला की समजायचं, सोडलं त्यानं. मग इंजिन चालू ठेवून हळूच बटन. चारी चाकांचं असंच."

मी व्हिडिओंतून जे शिकलो नव्हतो ते माझ्या बायकोला तिच्या बापाच्या शेतात लहानपणीच ठाऊक होतं. मला मनापासून लाज वाटली, आणि मनापासून बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी विंच बसली. पदूकाकाने जीप मुद्दाम त्याच जागी नेऊन रुतवली आणि जागृतीला म्हणाला, "काढ." मी पुढे झालो तर त्याने माझा दंड धरला. "तू नाय." मग तो स्वतः बांधावर बसला आणि हात मांडीखाली घेतले. चुकून मदत होऊ नये म्हणून! जागृती दोनदा चुकली. एकदा कप्पी उलटी लावली, एकदा पहार चिखलात हरवली. त्याच्या चेहऱ्यावर जे चाललं होतं ते बघून मीच घामाघूम झालो. गाडी निघाल्यावर तो एवढंच म्हणाला, "आता शेवटची गोष्ट. लोक येतील. हात लावा म्हनून कोनी सांगायची गरज नाय, आपली मानसं तशीच येतात. त्यांना हात काढायला लाव. दोरी तानली की दोरीच्या जवळ कोन नको, दोरीच्या दोन्ही बाजूंना कोन नको. सगळी लांब झाल्याबिगर बटन दाबायचं नाय. आत पेशंट मरत असला तरी नाय."

"काका, ही दोरी धाग्याची आहे ना?" मी म्हणालो. "तुटली तरी तारेसारखी उसळत नाही म्हणतात."

"कमी उसळते," तो म्हणाला. "कमी म्हंजे नाय, असं नसतं."

श्रावणात जैतूला घोणस चावली. वाडीतला तिशीचा माणूस, गवत कापताना. जागृती वरच होती. तिने त्याला जीपमध्ये घेतलं आणि ओहळाच्या चढावर गाडी बसली, त्याच जागी. मी तेव्हा खालापूरला ऑफिसात होतो. मला फोन आला तो थेट दवाखान्यातून: जैतूला औषध चालू झालंय, डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. मी खुर्चीवरून उठलो आणि साहेबासमोर डोळे पुसले, त्याचं मला काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी जैतू धोक्याबाहेर आहे असं कळल्यावर आम्ही दोघे कुंभिवलीला गेलो. पदूकाका एका ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली पडलेला होता. तसाच सरपटत बाहेर आला.

"गाडी किती वेळात निघाली?" त्याने विचारलं. जैतूचं आधीच फोनवर विचारून झालं होतं त्याचं.

"पस्तीस मिनिटं," जागृती म्हणाली. मी अभिमानाने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या वर्षीचे दोन तास कुठे आणि पस्तीस मिनिटं कुठे!

"जास्त झाली गं," तो म्हणाला. "कुठं गेली येवढी?"

जागृतीची मान खाली गेली. "पहारीचं काम लवकर झालं काका. झाड, कप्पी, सगळं बरोबर झालं. चौदा मिनिटं माणसं हटवण्यात गेली. सगळी वाडी आली होती, मागून हात लावून उभी. मी सांगते लांब व्हा, कोणी हलेना. म्हणाले जैतू आमचा हाय, आमी बघत बसू काय? मी रिमोट खाली ठेवला आणि म्हटलं, तुमी हात काढल्याशिवाय मी गाडी काढणार नाय. तर आनंदीबाई मला म्हणाली…" ती थांबली. "म्हणाली, गेल्या साली आमचे हात चालले, आन् आज विटाळ झाला काय?"

मला हे तिने सांगितलंच नव्हतं.

"मी रडले काका. पण बटण नाही दाबलं. त्यांना वर ऐनाच्याही मागे पाठवलं, मग दाबलं."

पदूकाका बराच वेळ हात पुसत राहिला. हात कधीचे पुसून झाले होते.

"ती चौदा मिनटं धरू नको," तो म्हणाला. मग आमच्याकडे न बघता, "आमच्या साईनाथला मीच हाक मारली होती. हात लाव म्हनून."

साईनाथ त्याचा धाकटा भाऊ. पंचवीस वर्षांपूर्वी हायवेच्या कडेला ट्रक ओढताना तार तुटून गेला, एवढंच मला गावातून ऐकून माहीत होतं. हाक कोणी मारली होती ते गावाला माहीत नव्हतं. पदूकाकाने ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

जागृती पुढे झाली आणि तिने त्याचे ते काळे हात हातात घेतले. त्याने घेऊ दिले.

"म्हंजे एकवीसच झाली," थोड्या वेळाने तो म्हणाला. "एकवीस बरी हाय. बसा, चा सांगतो."