ऑप्शनला टाकलेला धडा

आमच्या डिस्पॅचमध्ये माझं 'नाही' प्रसिद्ध होतं. गाडीत अजून चार खोकी कोंबू का? नाही. ताडपत्री जरा फाटलीय, चालेल ना? नाही. कागद उद्या देतो, गाडी आज सोडा? नाही म्हणजे नाही, आणि परत विचारलंस तर भरलेला माल उतरवायला लावीन, तोही तुलाच. पाठीमागे मला सगळे 'तोफ' म्हणायचे आणि तोंडावर 'ताई'. मला दोन्ही ऐकू यायचं, कारण माल भरायच्या ओट्यावर हळू बोलायची सोयच नाही. गाड्यांची इंजिनं सुरू, ट्रॉल्या खडखडतायत, वर आमचा पैलवान कुणाच्या तरी नावाने बोंब मारतोय. पैलवान म्हणजे आमचा सगळ्यात जुना हमाल. अंगावर मूठभर मांस नाही, म्हणून नाव पैलवान. त्याचं आणि माझं रोज एकदा तरी कडाक्याचं भांडण व्हायचं. ज्या दिवशी व्हायचं नाही त्या दिवशी तो विचारायचा, "ताई, बरं नाही का?"

हे सगळं सांगते, कारण घरी मी एक अक्षर बोलत नव्हते. बोलणार कुणाशी? नवरा गेला त्याला काही वर्षं झाली. लेक लग्न होऊन समुद्रापलीकडे. रविवारी फोन करते, "आई, सगळं ठीक ना?" मी म्हणते, "ठीक." एवढ्यात तिच्या पोराला काहीतरी हवं असतं, की फोन बंद. शनिवारी संध्याकाळी कुलूप उघडलं की सोमवारी सकाळपर्यंत माझा घसा गंजायचा. सोमवारी पहिल्या गाडीवर ओरडले की मोकळा व्हायचा. ते ओरडणं म्हणजे माझं औषध होतं, खोटं कशाला बोलू.

मग कंपनी विकली गेली. नवे मालक परदेशातले. त्यांनी फतवा काढला, की ज्यांना ज्यांना खाती सांभाळायचीत त्यांनी ऑफिसचं इंग्रजी शिकायचं. शब्द, व्याकरण, उच्चार, सगळं. शेवटी मोठा साहेब पडद्यावरून तोंडी परीक्षा घेणार. पास झालात तर जागेवर राहाल, नापास झालात तर पगार तोच, पण काम बदलेल.

काम बदलेल म्हणजे काय ते आम्हाला काटेवाल्याने दाखवलं. हा आमच्या वजनकाट्यावरचा माणूस, गप्पांचा मोठा शौकीन. पहिल्याच तुकडीत नापास झाला. त्याला मागच्या बाजूला जुन्या कागदांच्या खोलीत बसवला. खिडकी एक, तीही भिंतीवर उघडणारी. मी एकदा फाइल शोधायला गेले तर त्याने माझा हातच धरला. खुर्ची पुसून दिली, स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला आणि बोलत सुटला. मेव्हण्याचा गुडघा, पाण्याची टाकी, शेजाऱ्याचा कुत्रा. मी निघाले तर दारापर्यंत आला, व्हरांड्यापर्यंत आला, तरी बोलतोच आहे. त्या दिवशी मला भीती वाटली. पगाराची नाही, त्या खोलीची. घरी भिंती आणि कामावरही भिंती, मग माझं काय व्हायचं? मी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मी ओटा सोडणार नाही.

कंपनीने धड्यांचं एक पुस्तक दिलं होतं आणि मोबाईलमध्ये एक बाई घालून दिली होती. खरी नव्हे, मशीनमधली. ती वाक्य म्हणायची, आपण म्हणायचं, मग ती मार्क द्यायची. सकाळी कुकर लावला की मी स्वयंपाकाच्या ओट्याशी उभी राहून सुरू करायची. 'थँक यू'मधला 'थ' आपला नाही म्हणे, जीभ दातांत धरून वारा सोडायचा. मी आरशासमोर जीभ दातांत धरून उभी. या वयात! नवऱ्याने पाहिलं असतं तर आठवडाभर हसला असता. 'वेअरहाऊस' म्हणताना ओठांचा चंबू करायचा. 'डिले' म्हणायचं नाही, 'थोडा वेळ लागेल त्याबद्दल दिलगीर आहोत' अशा अर्थाचं लांबलचक काहीतरी म्हणायचं. बाई भारी गोड. कितीही चुकलं तरी म्हणायची, "गुड ट्राय!" इतक्या सबुरीने माझ्याशी घरात कुणी बोललं नव्हतं, सासू तर नाहीच नाही.

एकदा धडा होता ओळखीच्या गप्पांचा. मीटिंग सुरू व्हायच्या आधी इकडचं तिकडचं बोलतात ना, तो. बाईने विचारलं, तुमचा शनिवार-रविवार कसा गेला? मला काय झालं कोण जाणे, मी मराठीत म्हटलं, "कसा जाणार बाई, शनिवार संध्याकाळपासून तोंड उघडलं नाही." ती म्हणाली, "सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट. प्लीज ट्राय अगेन." मी परत म्हटलं, जरा मोठ्याने. ती परत तेच. तिसऱ्यांदा मी अक्षरशः ओरडले, जसं ओट्यावर ओरडते तसं. बाई म्हणाली, "प्लीज ट्राय अगेन." मग मी पुस्तकातलं उत्तर दिलं, "इट वॉज व्हेरी रिलॅक्सिंग, थँक यू." बाई खूश झाली. पैकीच्या पैकी मार्क. मी गॅस बंद केला आणि खाली बसून रडले. मग डबा भरला आणि कामावर गेले.

ओट्यावर मात्र माझ्या अभ्यासाचा तमाशा व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत पैलवान उलट्या खोक्यावर चढून मोठा साहेब व्हायचा. त्याला इंग्रजीतलं 'यस' आणि 'व्हेरी गुड' एवढंच येत होतं, पण तेवढ्यावर तो माझी तासभर परीक्षा घ्यायचा. मी म्हणायची, "वी विल डू अवर बेस्ट, सर." पैलवान मान हलवायचा, "व्हेरी गुड. पण ताई, आवाज खाली. साहेब पळून जाईल." सगळे फिदीफिदी हसायचे. ड्रायव्हर लोकसुद्धा गाडी भरेपर्यंत बसून ऐकायचे. एकजण निघताना मला म्हणाला, "थँक यू फॉर युवर कोऑपरेशन." मी त्याच्या अंगावर खडू फेकला.

पुस्तकात शेवटचा एक धडा होता, नम्रपणे नकार कसा द्यावा. लेकीला फोनवर परीक्षेच्या धड्यांची यादी वाचून दाखवली तर ती म्हणाली, "आई, तो परीक्षेला नाहीये. ऑप्शनला टाक."

मी म्हटलं, "टाकला. आणि नाही म्हणायला मला कुणी शिकवायला हवंय होय?"

ती खूप हसली. त्या रविवारी फोन जरा जास्त वेळ चालला. मला फार बरं वाटलं.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीची साडी नेसले. मॅनेजरच्या खोलीत पडदा लावला होता, त्यावर मोठा साहेब. गोरा, टकला, चेहऱ्याने बरा. आमचा मॅनेजर आपल्यातलाच, माझ्या बाजूला बसला होता, पण त्याने मध्ये बोलायचं नाही असा नियम होता. साहेबाने विचारलं, गाडी वेळेत गेली नाही तर गिऱ्हाइकाला काय सांगाल? सांगितलं. माल फुटका निघाला तर? सांगितलं. 'थ' दातांत धरला, चंबू केला, सगळं जिथल्या तिथे. साहेब पुढे झुकला आणि हसला. म्हणाला, तुम्ही फारच छान बोलता. मी मनात म्हटलं, जिंकलं बाई, ओटा राहिला.

मग तो पुढे बोलायला लागला. सावकाश, एकेक शब्द सुटा सुटा. म्हणाला, तुमच्यासारखं माणूस खाली गाड्यांच्या धुरात कशाला? वरच्या मजल्यावर आम्ही परदेशी गिऱ्हाइकांचं टेबल उघडतोय. तुम्हाला स्वतंत्र केबिन देऊ, कानाला हेडफोन, दिवसभर त्यांचे फोन घ्यायचे. खालचं काम दुसरं कुणी बघेल. चालेल ना तुम्हाला?

मला त्याचा शब्दन्‌शब्द समजला. समजला नसता तर किती बरं झालं असतं, मॅनेजरकडे वळून विचारता आलं असतं. मला नको होतं, जीव तोडून नको होतं. आता 'नो' येत नाही असं नाही, शेंबड्या पोरालाही येतं. पण नुसतं 'नो' म्हणणं म्हणजे उद्धटपणा, हे त्या बाईने माझ्या डोक्यात पहिल्याच दिवसापासून घातलेलं. नो म्हणायचं असेल तर त्याच्या आधी काय, नंतर काय, हे सगळं शेवटच्या धड्यात. मी तोंड उघडलं. साहेब वाट बघत होता. आणि महिनोन्‌महिने कुकरच्या शिट्ट्यांत घोकलेलं तेच बाहेर पडलं, अगदी स्वच्छ उच्चारात.

"सर्टनली, सर. आय वुड बी हॅपी टू."

साहेबाने टाळ्या वाजवल्या. मॅनेजरनेही वाजवल्या. पडदा बंद झाला.

मी तिथेच मॅनेजरला म्हटलं, "अहो, मला नाही जायचं वर." तो हसला. त्याला वाटलं मी लाजतेय. परत सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "ताई, थट्टा करताय का माझी? आनंदाने जाईन असं तुम्हीच म्हणालात, रेकॉर्ड झालंय. आता मी वर काय कळवू, की बाईंना इंग्रजी बोलता येतं पण त्या बोलतात ते खरं नसतं?" माझं ओट्यावरचं 'नाही' इथे चालेना; मी उठले.

खाली आले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. पैलवान खोक्यावर चढून ओरडला, "आपली ताई साहेब झाली रे!" तो इतका खूश होता की त्याचे डोळे भरले होते. त्याला काय सांगू, की मला नको आहे हे? मी म्हटलं, "उतर खाली, पडशील." तो उतरला आणि सगळ्यांना चहा सांगून आला. लेकीला कळवलं तर तीही नाचायचीच बाकी. "आई, केबिन? एसी? मी सगळ्यांना सांगते!" मी म्हटलं, "सांग."

तो शेवटचा धडा मी मग घरी उघडला. 'आय अ‍ॅप्रिशिएट द ऑफर, बट.' काय सुंदर वाक्यं होती त्यात. दोन दिवसांत पाठ झाली. बाई म्हणाली, "एक्सलंट!" पण मोठा साहेब तोवर दुसऱ्या कारखान्याच्या परीक्षा घ्यायला लागला होता. मला आता कुणी काही विचारतच नव्हतं.

आता मी वर बसते. केबिन काचेची आहे, पण काच अशी की बाहेरचा आवाज आत येत नाही. दिवसभर कानात माणसं बोलतात. सगळी अदबीने बोलतात, मीही अदबीने बोलते. त्यांनी विचारलं, कशा आहात, तर मी फाइन म्हणते आणि ती लगेच मालावर येतात. माझं कुणाशी भांडण होत नाही. संध्याकाळी घरी जाते तेव्हा दिवसभर बोलूनसुद्धा घसा तसाच गंजलेला असतो. काटेवाल्याच्या खोलीत निदान भिंती तरी दिसत होत्या.

खालून कुणी वर येत नाही. गाड्यांचे कागद शिपाई आणतो. परवा शिपाई रजेवर होता. मी फोनवर होते, तेवढ्यात दारावर टकटक झालं. बघते तर पैलवान. केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. गळ्यातला पंचा कुठे ठेवून आला होता देव जाणे. मला इतका आनंद झाला की मी फोन तसाच ठेवून दिला, गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. म्हटलं आता येईल, बोंब मारेल, म्हणेल, काय तोफे, गार पडलीस की.

तो दारातच थांबला. त्याचे ओठ हलत होते, पाठ केलेलं आठवत असावा. मग म्हणाला, "मे आय कम इन, मॅडम?"

खाली पोरांनी सकाळभर घोकून घेतलं असणार त्याच्याकडून. उच्चार अगदी बरोबर होता.

"ये की रे," मी म्हटलं, "विचारतोस काय? बस इथे. बस आधी."

त्याने कागद टेबलाच्या कडेला ठेवले. आधी खुर्चीकडे पाहिलं, मग स्वतःच्या धुळीने भरलेल्या पँटकडे.

"नको मॅडम," तो म्हणाला, "खुर्ची खराब होईल."