सूर्यावरचा ठिपका

कळवणला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट, एवढंच आपलं काम. सूर्याचा फोटो काढायच्या भानगडीत मी मेलो तरी पडलो नसतो. पण हिरामण मास्तर शाळेपासूनचा दोस्त. त्याचा उजवा डोळा गेलाय, डावा होळीपर्यंत टिकला तर टिकला, असं नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. माणसं राहतात ते अंतराळ स्थानक सूर्यासमोरून जाताना एकदा बघायचंय म्हणाला. जन्मभर पोरांना फळ्यावर काढून दाखवलं, स्वतः कधी पाहिलं नाही. मग नाही कसं म्हणणार?

सुरगाण्याजवळच्या त्याच्याच पाड्यावरून ते दिसणार होतं. अकरा वाजून चार मिनिटांनी, जेमतेम सेकंदभर. मोबाइल नाकाला लावून महिनाभर खपून त्यानं ती वेळ शोधलेली. मी रिकाम्या खाचरात ट्रायपॉड रोवला, लेन्सवर काळी फिल्म चढवली, चार फोटो काढून पाहिले. सूर्यावर धुळीचा एक ठिपका येत होता, पुसून पुसून जाईना. मरू दे म्हटलं.

हिरामणची आई, तानुबाई, माझ्या शेजारीच उभी होती. फोन सेकंद मोजत होता. पाच उरले आणि म्हातारी खाली वाकली. द्राक्षांच्या कामाला नेणाऱ्या जीपच्याही पाया पडूनच इथली माणसं आत चढतात. तिनं ट्रायपॉडचा पाय धरून कपाळ टेकवलं.

"माझ्या लेकाला दिसू दे, बाबा."

ट्रायपॉड हलला, सूर्य फ्रेमबाहेर गेला. मी धडपडत तो परत पकडला, बटण दाबलं, पण वेळ निघून गेली होती.

माझं टाळकंच सटकलं. शिवी अगदी ओठांवर आली होती. पण तानुबाई हात जोडून माझ्याकडेच बघत होती. शिवी गिळली.

हिरामणनं विचारलं, आला का फोटो. शेवटचा फोटो मोठा करून मी त्याच्या डाव्या डोळ्यापाशी धरला आणि त्या धुळीवर बोट ठेवलं.

"हा बघ."

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग कॅमेरा हातात घेऊन चाचपडत आधीचे फोटो मागे नेले, एकेक करून.

"हा सगळ्याच फोटोंत आहे, वाल्मीक," तो हळूच म्हणाला.

मला मान वर करवेना. हिरामणनं कॅमेरा माझ्याकडे दिला, आईचा हात शोधून धरला आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला,

"आई, दिसलं गं मला."

तानुबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि पुन्हा ट्रायपॉडच्या पाया पडायला वाकली. या वेळी मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.