उजवी बाही

"श्वास रोखू नकोस, नेहमीसारखी उभी राहा," असं म्हणत बाबांनी लेकीच्या उजव्या दंडाला टेप गुंडाळली. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या.

निवड चाचणीसाठी नवा शर्ट हवा, असं ती काही महिन्यांपूर्वी म्हणाली होती. बाबा शिंपी. तिच्या प्रत्येक शर्यतीचा शर्ट त्यांच्याच मशीनवर झालेला. अरुंद होडीत एक गुडघा टेकायचा, एकाच बाजूनं वल्हं मारायचं आणि वारा कुठूनही येवो, होडीचं नाक सरळ ठेवायचं, असा तिचा खेळ. उजवीकडून वल्हवून वल्हवून तिचा उजवा दंड असा भरला, की हिला नवरा कुठून मिळायचा, असं शेजारीण विचारायची. "त्यानं डावीकडे उभं राहावं म्हणजे झालं," बाबा दातानं दोरा तोडत म्हणायचे.

पहिल्या मोठ्या शर्यतीला त्यांनी दोन्ही बाह्या सारख्या कापल्या होत्या. शिंप्याच्या हाताला तीच सवय. अर्ध्या वाटेत उजवा मुंढा टरकन फाटला. फाटकी बाही फडफडवत पोरगी पहिली आली. लोक टाळ्या पिटत होते आणि बाबा मान खाली घालून उभे होते. तेव्हापासून तिची उजवी बाही मोठी. ती घालूनच तिनं देशासाठी पदकं आणली. एकदा होडी उलटली, तेव्हा ती ढकलत पोहत काठाला आली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उतरली.

आज दोन्ही दंडांचं माप सारखं भरलं.

"पाणी कधी सोडलंस?"

 डॉक्टरांनी तिला गुडघा टेकायलाच मनाई केली होती, त्याला बरेच दिवस झाले होते. तरी रोज पहाटे वल्हं घेऊन ती निघायची, धक्क्यावर बसायची आणि परतायची.

"तुम्ही कापड आणून ठेवलं होतंत, बाबा. कुठल्या तोंडानं सांगू?"

"दुखतो फार?"

"जिना उतरताना."

बाबांनी टेप गळ्यात टाकली. "मग शर्ट नको?"

"हवा ना. नव्या पोरींना शिकवायला बोलावलंय. साधाच शिवा."

संध्याकाळी त्यांनी डावी बाही कापली. उजवीला कात्री आपसूक जुन्याच वळणानं गेली. ध्यानात आलं तेव्हा बाही मोठी कापून झाली होती. त्यांनी आतून टीप घालून ती मापात आणली. जादा कापड मात्र कापलं नाही. आत दुमडून हातानं टाके घातले.