मागून येणारी पावलं

बुटाच्या नाडीचं प्लास्टिकचं टोक निघून गेलं होतं आणि धागे कापसासारखे फुलले होते — रामदास वाकून ते बोटांनी पिळत राहिला, पुन्हा पुन्हा, कारण सरळ उभं राहिलं की भूपेंद्रभाईंकडे बघावं लागलं असतं, आणि आज ते काहीतरी नवीन करायला लावणार हे त्याला कळून चुकलं होतं. कालव्याच्या रस्त्यावर पुरतं उजाडलं नव्हतं. रविवारची लांबची धाव संपली होती, अंगातला घाम गार पडत होता. एरवी या वेळी तो मोटारसायकलला किक मारून डिंडोलीला, घराच्या वाटेला लागलेला असायचा.

भूपेंद्रभाई शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले. आता मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांना हौसेने शिकवायचे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नुसतं लांब आणि हळू पळून पाय आळसावतात, फरपटत चालतात. म्हणून धावेच्या शेवटी या विजेच्या खांबापासून त्या खांबापर्यंत जोरात जायचं, चालत परत यायचं, दम बसला की पुन्हा. याला स्ट्राइड म्हणतात.

"मला नाही जमणार जोरात," रामदास म्हणाला. "मी हळूच बरा."

"भागवानुं नथी, रामदासभाई," भूपेंद्रभाई म्हणाले. "खुलवानुं छे."

पळायचं नाही, खुलायचं... हे काय असतं? पलसाण्याच्या मिलमध्ये, जिथे रामदास रंगखात्याचा सुपरवायझर होता, तिथे तो कधी आला आणि कधी गेला हे कामगारांना कळत नसे. आवाज चढवायचा नाही, दार आपटायचं नाही, जिन्यावर धाडधाड करायचं नाही. स्वभावच तसा, असं सगळे म्हणायचे, आणि तोही म्हणायचा. धावण्यातही त्याला हळूपणाच आवडला होता — तासन्‌तास एकाच लयीत, कुणालाही मागे न टाकता.

पहिल्या वेळी पाय अडखळले. दुसऱ्या वेळी मात्र काहीतरी झालं. टाचा जमिनीवरून आपोआप सुटल्या, गुडघे वर आले, कानात वारा शिरला, आणि रस्त्यावर आपटणाऱ्या स्वतःच्या पावलांचा आवाज त्याने पहिल्यांदा ऐकला — दणदण, भरीव, एखाद्या जोमदार माणसाचा. हा मी? परत चालत येताना तो चक्क हसत होता. त्रेचाळीस वर्षं हे अंगात होतं आणि आपण ते कुणाच्या भीतीने दडपून ठेवलं?

तिसऱ्या वेळी तो दम बसायचीही वाट न बघता सुटला.

पुढे रस्त्याच्या कडेने एक बाई चालली होती. हातात कापडी पिशवी, डोक्यावरून स्कार्फ. कुठल्यातरी कारखान्यात किंवा कुणाच्या घरी स्वयंपाकाला निघालेली असावी. तिला वळसा घालून जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं, आणि तेही नीट नव्हतं, कारण मन त्या दणदण आवाजात होतं. तो तिच्यापासून हातभर अंतरावर असेल-नसेल तोच ती खाली बसली. पडली नाही. बसली — गुडघ्यांत मान घालून, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांशी घट्ट — आणि भराभर म्हणू लागली,

"चाललेच आहे मी... चाललेच आहे..."

रामदास थांबला. पिशवीतला डबा घरंगळत कालव्याच्या कठड्याला जाऊन लागला होता.

चोर वाटला असता तर हात गळ्याकडे गेले असते. सोनसाखळीला धरलं असतं, ओरडली असती. हात डोक्याकडे गेले होते. आणि चाललेच आहे, हे चोराला कोण म्हणतं?

"ताई... मी पळतोय फक्त. मॅरेथॉनसाठी." हा शब्द तोंडातून बाहेर पडताच त्याला विलक्षण ओशाळल्यासारखं झालं.

तिने कोपरांआडून वर पाहिलं. अनोळखी माणूस आहे हे कळल्यावर — हे त्याला पुढे दिवसभर छळत राहिलं — तिचा चेहरा सैल झाला. अनोळखी आहे म्हणून! ती उठली, डबा उचलला, ओढूनताणून हसलीसुद्धा. "काही नाही दादा. मला वाटलं..." काय वाटलं ते तिने सांगितलं नाही. ती झपाझप निघून गेली.

लांबून भूपेंद्रभाईंनी अंगठा वर केला. त्यांना या अंधुक उजेडात फक्त वेग दिसला होता. "मस्त! एकदम मस्त!"

तो मोटारसायकलवर बसून घराकडे निघाला. ते हात, ती कोपरं... त्याने ती आधीही पाहिली होती. उधन्याच्या चाळीतला लाकडी जिना, यंत्रमागावरची पाळी संपवून वर येणारे बाबा, आणि स्टोव्हपाशी बसलेली आई. बाबांचं पाऊल जिन्यावर वाजलं की आईचे हात आधी थांबत, मग पदर डोक्यावर जाई, मग कोपरं... तेव्हा रामदास भिंतीला चिकटून आपल्या पायांकडे बघत बसायचा. बाबा — छगन पाटील — वारले, फोटोला हार लागला, कष्टाळू माणूस होता असं सगळे बोलले, आईही बोलली. आणि तो जिना कुणाच्याच बोलण्यात पुन्हा आला नाही.

पण त्याला हादरवून टाकणारं हे नव्हतं. हे तर त्याला माहीत होतं, न बघता माहीत होतं. हादरवत होतं ते दुसरंच — ती बाई खाली बसली त्या क्षणी मी आनंदात होतो. अंगभर आनंदात. मग जिना चढताना बाबाही... पाळी सुटल्याच्या, घरी आल्याच्या, पायांत जोर असल्याच्या आनंदात येत असतील का? दोन्हीचा आवाज एकच असतो का?

दुपार होत आली, घरात वरण-बट्टीचा वास होता. छाया ओट्याशी पाठमोरी उभी राहून बट्ट्या चिरत होती. रामदास उशिराच आंघोळ करून आला, बाहेरच्या खोलीत उभा राहिला आणि तिच्या पाठीकडे बघत राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या पावलांना ती दचकते का, हे कधी तपासून पाहावं असं वाटलं नव्हतं. तपासायचं तरी कसं? आणि मग विचार पुरा व्हायच्या आतच तो अनवाणी निघाला — भराभर, टाचा आपटत, पॅसेजमधून थेट तिच्यामागे.

छाया वळलीसुद्धा नाही. "तूप काढून द्या जरा वरच्या फळीवरून," ती म्हणाली.

त्याच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला, की तिने मान वळवून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही." तुपाचा डबा काढता काढता त्याची नजर पॅसेजपलीकडच्या खोलीत गेली. आई तिथे पडलेली असायची या वेळी. ती उठून बसली होती. पाय पोटाशी घेतलेले, पदर डोक्यावर, पाठ भिंतीला. दाराकडे बघत.

तो आत गेला. आता तो इतका हळू चालत होता, की फरशीचा गारवा टाचेपासून बोटांपर्यंत जाणवत होता.

"आई, झोपेल व्हतीस ना? उठनीस का?"

"तू शे का," भागीरथीबाई म्हणाल्या. "काही नही रे. सवय शे."

"कसानी सवय?"

त्या पदर सारखा करत राहिल्या. तक्रार करावी असं त्यांच्या आवाजात काही नव्हतं; पाण्याची वेळ सांगावी तसं त्यांनी सांगितलं, "तुना पाय त्यासनासारखाच वाजतस. तूच शे हाई माले समजस. पन समजाना पहिलेच मी उठी बठेल ऱ्हास."

रामदासला वाटलं, आपण बरोबर ऐकलं नाही. आपले पाय बाबांसारखेच वाजतात, आणि आपणच आहोत हे कळायच्या आधीच ती उठून बसलेली असते... "कवयपासून, आई?"

"तुले मिशी फुटनी तवयपासून."

एवढं बोलून त्या पुन्हा आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड करून, आणि थोड्याच वेळात त्यांचा श्वास संथ झाला. रामदास खाटेशेजारी जमिनीवर बसला होता. म्हणजे मी हळू चालायचो ते कुणालाच पुरलं नव्हतं. हळू येणारे पायही तेच होते; फक्त उशिरा ओळखू येणारे. का त्याहून वाईट — बेसावध गाठणारे? इतक्या वर्षांच्या किती रात्रींत, पाणी प्यायला उठलो असेन, दिवा न लावता, तिची झोप मोडू नये म्हणून पावलं चोरत...

खिशात फोन थरथरला. भूपेंद्रभाईंचा निरोप असणार. बुधवारी पुन्हा स्ट्राइड. त्याने तो काढला नाही. आणि शरमेने त्याच्या लक्षात आलं की मांडीचे स्नायू सकाळच्या त्या वाऱ्याची आठवण येऊन आतल्या आत फुरफुरताहेत; त्यांना पुन्हा सुटायचं आहे.

"जेवायला येताय ना?" स्वयंपाकघरातून छायाने हाक मारली.

आईची पाठ श्वासाबरोबर हलत होती. उठायला हवं होतं. त्याने एक तळवा फरशीवर टेकवला, पुन्हा उचलला... पावलं वाजवून जावं की न वाजवता, यांतलं कमी भीतीचं कोणतं हे त्याला ठरवता येईना, आणि आपल्याच पायांकडे तो असा बघत राहिला, जणू ते कुणीतरी त्याच्या स्वाधीन करून गेलं होतं.