जेवून झाल्याशिवाय गाडी नाही

चोरी पकडली गेली ती स्वच्छ डब्यामुळे. लग्न झाल्यापासून या माणसाने स्वतःचं ताट कधी उचललं नाही, आणि आता डबा घासूनपुसून, चकचकीत होऊन घरी यायला लागला! मी मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

आमचे हे बस चालवतात. डेपोच्या डॉक्टरने बजावलं होतं, पुढच्या तपासणीत साखर खाली आली नाही तर स्टिअरिंग काढून घेऊ, मग बसा ऑफिसात शिक्के मारत. ते ऐकूनच यांना कापरं भरलं. दुसरं काही येतच नाही हो या माणसाला. म्हणून मी पहाटे उठून पालेभाजी, उकडलेली कडधान्यं, काकडी भरून देत होते.

"खरं सांगा, डबा कुणाच्या पोटात जातो?"

"डेपोतल्या कुत्र्यांच्या," हे पुटपुटले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग कारण कळलं. डेपोचं जुनं कॅन्टीन बंद करून तिथे बर्गरवाला आणून बसवला होता. गाडीत जेवायला डेपोची बंदी, आणि जेवणाच्या हॉलमध्ये त्या बर्गरवाल्याची पाटी: बाहेरचं खाणं आणू नये. म्हणजे ड्रायव्हरने जेवायचं कुठे, डोंबलावर? हे मुकाट बर्गर खायचे, वर तळलेले बटाटे आणि गोड कोल्ड्रिंक.

"एकदा विचारायचं तरी!"

"अगं, तो मॅनेजर चारचौघांत ओरडतो. कशाला उगाच?"

"ओरडू दे माझ्यावर. बघते मी."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मीच डबा घेऊन गेले आणि हॉलच्या मधोमध टेबलावर उघडून ठेवला. हे दारातून आले, मला पाहिलं आणि आल्या पावली वळले.

"पळताय कुठे? बसा!"

बसले बिचारे, मान खाली घालून. तेवढ्यात कागदी टोपीवाला मॅनेजर आलाच.

"मावशी, इथे डबा चालत नाही. नियम आहे."

"साखर यांची वाढते रे, नियमाची नाही!"

"उचला, नाहीतर साहेबांना बोलावतो."

हे उठायला लागले. मी काही हात धरला नाही. म्हटलं, "उठायचं तर उठा. स्टिअरिंग तुमचं जाणार आहे, माझं नाही." हे क्षणभर अर्धवट उभे राहिले, मग पुन्हा बसले आणि भाजीला हात घातला.

आणि नेमकी तेव्हाच बाहेर कंट्रोलरची शिट्टी वाजली. शिट्टी झाली की गाडी काढायची, हा यांचा धर्म. आमची मुलगी झाली त्या दिवशीसुद्धा फेरी वेळेवर पूर्ण करूनच दवाखान्यात आले होते. गाडी उशिरा काढल्याचा एक शेरा नाही अख्ख्या नोकरीत, आणि त्याचा केवढा तो तोरा! आता हे धावणार, आणि डबा पुन्हा कुत्र्यांना.

शिट्टी पुन्हा वाजली. यांनी काकडी उचलली.

कंट्रोलर धापा टाकत आत आला. "अहो, गाडी भरलीय, लोक बोंबलतायत! करताय काय?"

"जेवतोय," हे म्हणाले. "जेवून झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. हे मॅनेजर डबा उचलायला सांगतायत, त्यात वेळ जातोय."

कंट्रोलर मॅनेजरवर उखडला. "माझी गाडी अडवून डबे कसले तपासताय! जेवू द्या त्यांना!"

"पण आमचा करार..."

"करार साहेबांना दाखवा, जा!"

मॅनेजर पाय आपटत काउंटरमागे गेला. कंट्रोलर यांच्याजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "अहो, अजून वेळ गेली नाही, चला. नाहीतर मला उशिराचा शेरा मारावा लागेल. तुमचा पहिलाच."

यांनी तोंडातला घास नीट चावला, गिळला.

"मारा," हे म्हणाले. "कारण लिहा, ड्रायव्हर जेवत होता."