अर्ध्या दाढीवर वाचलेला कागद

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे आणि मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी आपली कहाणी मऊ आवाजात सांगावी, अशी तुमची अपेक्षा असेल. मऊ आवाज मलाही येतो, पण आज तो काढायची माझी इच्छा नाही.

आधी माझी ओळख करून देते. माझं बूड ओतीव लोखंडाचं आहे, चौघांनी मिळून उचलावं इतकं जड. त्यात तेलाचा पंप आहे. बाजूचा दांडा पायानं दाबला की मी वर जाते आणि सोडला की 'हुश्श' करत खाली येते. कारखान्यात माझ्यासारख्या चाळीस जणी एका रांगेत तयार झाल्या. माझे स्क्रू आवळणाऱ्या फिटरनं मला तीनदा गरगर फिरवलं, कान देऊन ऐकलं, "कुरकुरत नाही" म्हणाला आणि पाठीवर थाप मारली. ती माझी पहिली शाबासकी.

मग मी माझ्या मालकाकडे आले. बाजाराच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानासमोर त्याचं सलून होतं. एक काचेचं दार, दोन आरसे आणि मी. मालकाला सगळा बाजार 'सावकाश' म्हणायचा, कारण गिऱ्हाइकानं घाई केली की तो म्हणायचा, "सावकाश. केस परत येतील, कान येणार नाही." एका दाढीला तो पाऊण तास लावी. पण एकवीस वर्षांत त्याच्या हातून कुणाला साधं ओरखडलंसुद्धा नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड, प्रत्येकाला धुतलेलं कापड. संध्याकाळी तो माझे हात ओल्या फडक्यानं पुसायचा, पंपात तेल घालायचा. माझ्यावर मात्र तो कधी बसला नाही. "खुर्ची गिऱ्हाइकाची," म्हणायचा.

एकदा त्यानं रक्तदान केलं. आठ दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला की येऊन भेटा. त्याच्या रक्तात हिपॅटायटिस सी नावाचा, यकृत पोखरणारा विषाणू निघाला. कुठून आला, कधी आला, कुणालाच सांगता आलं नाही. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बारा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "हा बरा होतो. तुमचं रक्त दुसऱ्याला लागणार नाही एवढं सांभाळा. बाकी काम करा."

तेवढ्यावर त्याचं मन मानेना. त्या दिवसांत त्यानं केस कापले, पण दाढी एकाचीही केली नाही. "खांदा भरून आलाय," असं सगळ्यांना सांगितलं. खरं फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं. ती कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करते. रोज दुपारी ती डबा घेऊन यायची आणि गोळी घेतली का, हे डोळ्यांनीच विचारायची.

गोळ्या संपल्या त्या दिवशी रक्त तपासलं. कागदावर आलं, 'डिटेक्टेड'. म्हणजे सापडला. पुढे बारीक अक्षरात होतं की मोजता येणार नाही इतका कमी. दोघांचे चेहरे उतरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घाबरू नका, बारा आठवडे थांबा." ते दिवस त्यांनी कसे काढले, ते मी पाहिलंय. बारा आठवड्यांनी दुसरा कागद आला, 'नॉट डिटेक्टेड'. सापडला नाही. त्या दुपारी मालकानं दाराला कडी लावली, बायकोला माझ्यावर बसवलं आणि मला गरगर फिरवलं. ती ओरडत होती, "अहो, चक्कर येतेय! पुरे!" आणि तो हसत होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतक्या हलक्या मनानं कधी फिरले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून त्याचा वस्तरा पुन्हा चालू झाला. चार महिने सगळं सुरळीत होतं.

मग बाजार संघटनेनं आरोग्य तपासणी ठेवली. संघटनेचा सेक्रेटरी म्हणजे समोरचा चष्मेवाला, अठरा वर्षांपासूनचं आमचं गिऱ्हाईक. टेबलं आमच्या दारासमोरच मांडली होती. एक तंत्रज्ञ प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब प्लास्टिकच्या पट्टीवर टाकत होता आणि चष्मेवाला वहीत लिहून घेत होता. मालक रांगेत उभा राहिला. त्याला कशाची भीती? तो तर बरा झाला होता.

थोड्या वेळानं त्या तंत्रज्ञानं नंबर पुकारावा तसं पुकारलं, "सलूनवाले! हिपॅटायटिस सी, पॉझिटिव्ह!"

रांग हलली. मालकाच्या पुढचा आणि मागचा माणूस दोन-दोन पावलं सरकला. मालक आत आला आणि माझ्यावर बसला. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. आरशात स्वतःकडे बघत राहिला. त्याचं वजन मला गिऱ्हाइकांच्या वजनापेक्षा कितीतरी जड वाटलं.

पाठोपाठ चष्मेवाला आला. आत नाही, उंबऱ्यावरच थांबला.

"सावकाश, दुकान काही दिवस बंद ठेव. लोक विचारताहेत."

"मी औषध पूर्ण केलंय. रिपोर्ट आहे माझ्याकडे, दाखवू?"

"तुझा रिपोर्ट जुना. हा आजचा आहे." मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे तुला आधीपासून होतं? आणि तू आमच्या दाढ्या करत होतास?"

"त्या महिन्यांत नाही केल्या. आठवा, मी—"

"म्हणजे खांद्याचं खोटं होतं तर."

खोटं होतंच ते. पण मित्रांनो, ते खोटं कुणाला वाचवायला होतं, हे कुणी विचारलं नाही. अर्ध्या तासात संघटनेच्या फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं, 'सलून आरोग्याच्या कारणास्तव बंद. नोंद घ्यावी.'

बायको धावत आली. तिनं दवाखान्यातले दोन आणि तपासणीतला आजचा, असे तिन्ही कागद माझ्या बैठकीवर शेजारी शेजारी मांडले. "एक म्हणतो सापडला. दुसरा म्हणतो सापडला नाही. तिसरा म्हणतो पॉझिटिव्ह. अहो, यातला कोण खरं बोलतोय?"

"मला काय विचारतेस? मी कात्री चालवतो." मग हळूच म्हणाला, "परत आला असेल का गं?"

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. तीन कागद, त्यांवर शिक्के, सह्या, बारकोड, सगळं होतं. नव्हती ती फक्त एक ओळ, जी बटणं लावणाऱ्या बाईला कळेल. सलूनमध्ये केस कापायला माणूस बसला तर आम्ही त्याला मागे आरसा धरून दाखवतो की बघा, असं झालंय. इतकी मोठी मशिनं असलेल्या लोकांना एक आरसा धरायला काय होतं?

मालकानं माझ्यावर जुनी चादर टाकली आणि शटर ओढलं.

पुढचे दिवस मी अंधारात काढले. धूळ बसली. पंप आखडला. शटरबाहेरून बोलणी मात्र ऐकू यायची. "बरं झालं कळलं." "मी तर त्याचा कंगवासुद्धा वापरलाय." कंगव्यानं हा रोग होत नाही, पण माहिती नसली की माणसाच्या जिभेला हाड राहत नाही. ज्यांची डोकी मी वर्षानुवर्षं मानेखाली उशी देऊन सांभाळली, तीच ही डोकी. त्यांत इतकं कमी होतं, हे मला तेव्हा कळलं.

दवाखान्यात पहिल्या खेपेला डॉक्टरीणबाई रजेवर होत्या. तिथल्या दुसऱ्या कुणीतरी तिसरा कागद पाहून सांगितलं, "पॉझिटिव्ह दिसतंय. पुढच्या आठवड्यात नंबर लावा." आठवडाभर तो माणूस जेवला नाही धड. दुसऱ्या खेपेला बाई भेटल्या. तिथून दोघं थेट दुकानात आले. शटर अर्धं उघडं पाहून आमचे जुने गिऱ्हाईक, रिटायर्ड पोस्टमनकाका, वाकून आत आले.

"काय म्हणाले रे डॉक्टर?"

मालकाऐवजी बायकोच बोलली. "काका, ती पट्टी विषाणू शोधतच नाही! अंग त्याच्याशी लढलं होतं, त्याच्या खुणा शोधते. जखम भरली तरी व्रण राहतो ना, तसं. बरं झालेल्या माणसाची ती पट्टी पॉझिटिव्हच येते, बहुतेकांची जन्मभर. बरा झाला की नाही बघायचं तर रक्तात विषाणूच शोधावा लागतो. ती तपासणी वेगळी."

"आणि तो पहिला कागद? त्यात सापडला होता ना?"

"औषध संपतं त्या दिवशी थोडासा उरल्यासारखा दिसू शकतो. मेलेल्याचा चुरा म्हणा. म्हणूनच बारा आठवडे थांबायला लावतात. बारा आठवड्यांचा कागद खरा. पुन्हा नव्यानं लागण झाली नाही ना, याची खात्री म्हणून आज परत रक्त घेतलंय."

काकांनी विचारलं, "मग हे त्या पट्टीवाल्याला माहीत नव्हतं?"

"माहीत असणारच, म्हणाल्या बाई. पण आधी कधी झालं होतं का, औषध घेतलंय का, हे त्यानं विचारायला हवं होतं. आणि नाव तर पुकारायलाच नको होतं."

चौथा कागद आला. 'नॉट डिटेक्टेड'. त्याला जोडून बाईंनी स्वतःच्या हातानं साध्या शब्दांत चार ओळी लिहून दिल्या होत्या. त्या घेऊन बायको रस्ता ओलांडून चष्म्याच्या दुकानात गेली. तिथला प्रत्येक शब्द मला काचेच्या दारातून ऐकू आला, कारण तिनं आवाज खाली ठेवलाच नाही.

"अहो वहिनी, आम्ही काय डॉक्टर आहोत का?" चष्मेवाला म्हणाला.

"मग तपासायला कशाला बसलात?"

तो म्हणाला, "पुसतो फळा." आणि पुसला. पाहिलंत, मित्रांनो? बदनामी भर रांगेत पुकारून झाली आणि भरपाई झाली ती डस्टरनं, आवाज न करता.

दुकान उघडलं. मालकानं मला पुसलं, तेल घातलं. चार दिवस कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी पोस्टमनकाका आले आणि बसले. त्यांनी माझे हात इतके घट्ट धरले होते की मालकाच्याही लक्षात आलं.

"काका, भीती वाटत असेल तर राहू द्या."

"वाटतेय ना. नोकरीभर कुत्र्यांची वाटत होती, तरी टपाल वाटलंच. चालव तू."

त्यांच्यानंतर एकेक जण येऊ लागला. सगळे नाहीत. निम्मेच.

महिन्याभरानं, भर दुपारी, गल्ली सामसूम असताना चष्मेवाला आला. दुसऱ्या सलूनवाल्यानं त्याच्या हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. काहीच घडलं नाही अशा थाटात तो माझ्यावर बसला, चष्मा काढून आरशाखाली ठेवला आणि म्हणाला, "चल, नेहमीसारखी."

मालकानं कापड बांधलं, फेस केला, नवं ब्लेड लावलं. उजवा गाल स्वच्छ केला. मग वस्तरा बाजूला ठेवला, हात धुतले आणि खणातून बाईंचा कागद काढला.

"हे वाचा."

"आत्ता? अरे, फेस वाळेल."

"वाळू दे. घाई नाही."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

मालकानं चष्मा उचलून त्याच्या नाकावर बसवला. "आता दिसतंय? मग मोठ्यानं वाचा. त्या दिवशी पुकारलं होतं, तेवढ्या मोठ्यानं." त्यानं मला आरशाकडून दाराकडे वळवलं आणि दार सताड उघडलं.

चष्मेवाल्यानं दाराकडे पाहिलं, मग आपली अर्धी दाढी हातानं चाचपली. तशा तोंडानं जाणार कुठे? त्यानं घसा साफ केला. "या रुग्णाचा... हिपॅटायटिस सी... पूर्ण बरा झाला आहे."

"ऐकू नाही आलं. पलीकडच्या भांडीवाल्याला ऐकू जायला पाहिजे."

"पूर्ण बरा झाला आहे! रक्तात विषाणू नाही! पट्टीची तपासणी यापुढेही पॉझिटिव्ह येईल, त्याचा अर्थ आजार आहे असा नाही! यांच्यापासून कुणालाही या आजाराचा धोका नाही!"

भांडीवाला बाहेर आला. फुलवाली बाहेर आली. एका गालावर वाळलेला फेस घेऊन सेक्रेटरी वाचत होता आणि माझा मालक, ज्यानं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नव्हता, म्हणाला, "आता परत एकदा. पहिल्यापासून."

त्यानं परत वाचलं. मग मालकानं मला आरशाकडे वळवलं, नवा फेस केला आणि डावा गाल केला. नेहमीसारखा, एक ओरखडा न उठवता.

मित्रांनो, खुर्चीची काळजी घ्या, तेल घाला, रेक्झिन शिवा, असं सांगून मी निरोप घ्यायला हवा. ते नाही सांगत. माणसाचा कागद हातात पडला तर तो कळेपर्यंत तोंड उघडू नका. कळत नसेल तर ज्याला कळतं त्याला विचारा. आणि जे कागद छापतात त्यांना माझ्या वतीनं सांगा, एक ओळ जास्त छापा, शाईला फार लागत नाही. माझी उरलेली निम्मी गिऱ्हाइकं अजून समोरच्या फुटपाथवरून मान खाली घालून जातात. मी रोज मोजते. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जायची मला घाईही नाही.